बाबांचा डब्बा विकू, की उभा करू?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे ४६ वर्षांचे, घाटंजी तालुक्यातले शेतकरी. वावर ८ एकर, कपाशी आणि तूर. वडील एका धरणाच्या कामावर मेकॅनिक होते. काम आटोपल्यावर कंत्राटदाराने भंगारात काढलेला एक जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर त्यांनी विकत घेतला आणि ट्रॅक्टरमागे बांधून वावरात आणला. साइटवरच्या साहेबांच्या मुक्कामाचा तो. आत लाकडी सांगाडा, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, लांबी १३ फूट, एकच आस, दोन चाकं. घरात त्याला ‘डब्बा’ म्हणतात. ३० वर्षांहून जास्त काळ तो निंबाखाली उभा आहे. वडील जागलीला त्यातच झोपायचे, म्हातारपणी दुपारचेही तिथेच पडून असायचे. जेवण आणि चहाही घरून तिथेच जायचं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. मागच्या दिवाळीनंतर बारावी झालेल्या मुलाला हाताशी धरून यांनी डब्बा दुरुस्तीला घेतला. बाहेरून गर्द हिरवा ऑइलपेंट, आतून नवं प्लाय, त्यावर सनमायका, गाद्या, दिवे. ६८ हजार गेले. मृगाच्या पहिल्याच पावसात पाणी आत आलं, प्लाय फुगलं, सनमायका सुटली. नागपूरचा धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाक, भंगारवाला ३० हजार देतो. बायको म्हणते, “त्या डब्ब्यात का बाबाजी बसून हायेत?” यांच्या मनात दोन बेत आहेत. डब्बा जुन्या जीपला जोडून घरच्यांना चिखलदऱ्याला न्यायचं, नाहीतर टिपेश्वरला वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी तो वावरातच भाड्याने द्यायचा. पत्राचा शेवट असा: “पुढे जाऊ की थांबू ते सांगा. पैशापेक्षा जास्त वाईट याचं वाटते, की घरच्या कोणाले बाबांच्या वस्तूची किंमत नाही.”

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा डब्ब्यासाठी, एकदा हिशेबासाठी, आणि एकदा त्यात तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका ओळीसाठी. त्या ओळीकडे शेवटी येते.

आधी माझीच फजिती ऐका. आमच्याकडे आजोबांची दमणी होती, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. मी कॉलेजात असताना पोळ्याच्या आधी हौसेने लाल-हिरवा ऑइलपेंट आणला आणि दोन दिवस बसून ती रंगवली. साटा, धुऱ्या, चाकांचे आरे, काही सोडलं नाही. पोळ्याला आत्या मोठ्या थाटात वर बसली, आणि मारुतीच्या देवळापाशी पोचायच्या आधीच डावं चाक बसलं. आरे आतून उधईने पोकळ केले होते. माझ्या रंगाने ती पोकळी छान झाकली होती, एवढंच. सुतारकाका आले, तुटलेला आरा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “रंग त मस्त देल्ला बाई, पन देल्ला कोनाले?”

तुमचे ६८ हजार त्याच वाटेने गेले. वाईट वाटून घेऊ नका, जो तो डोळ्यांना दिसतं तिथूनच सुरुवात करतो. फक्त जुन्या ट्रेलरच्या कामाचा क्रम नेमका उलटा असतो. आधी खालची चेसिस, मग पाणी, मग लाकूड, मग वायर, आणि सनमायका-गाद्या सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

पण क्रमाच्याही आधी एक गोष्ट विचारते. ‘डब्बा उभा करायचा’ म्हणजे तुमच्या मनात नेमकं काय आहे? तुमच्या पत्रात मला एक नाही, तीन डब्बे दिसले. एक चिखलदऱ्याला निघालेला. एक टिपेश्वरच्या पर्यटकांचा. आणि एक निंबाखालचा, बाबांचा. तिघांची दुरुस्ती वेगळी, खर्च वेगळा, कागदपत्रंही वेगळी. तुम्ही तिघांचं काम एकाच पैशात काढायला निघालात, म्हणून एकाचंही झालं नाही.

चिखलदऱ्याचा बेत आधी बाजूला ठेवू, कारण तो सगळ्यात महागडा आणि सगळ्यात धोक्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ ट्रेलरला स्वतंत्र वाहन धरतो. ओढणाऱ्या जीपची कागदं त्याला चालत नाहीत, त्याची स्वतःची नोंदणी लागते. तुमच्याकडे कंत्राटदाराच्या पावतीशिवाय काही नाही, आणि तीही ‘सापडली तर’ असं तुम्हीच लिहिलंय. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की जुन्या गाड्यांसाठी आता व्हिंटेजचा नंबर मिळतो. मिळतो, २०२१ मध्ये केंद्राने तसे नियम केले, पण ते पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी आणि चारचाकी मोटारींपुरते. ट्रेलर त्यात बसत नाही. तरी मन राहत नसेल तर एक पैसाही खर्चायच्या आधी यवतमाळच्या आरटीओत जाऊन स्वतः विचारून या. एजंटाला नव्हे, खिडकीवर.

कागद जमले तरी घाट आहेच. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायचं म्हणजे ११०० मीटरवर. मागे दोनचाकी ट्रेलर असला की त्याच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढे जोडावर यावा लागतो. मागच्या बाजूला पेटी, पाण्याची टाकी असं वजन गेलं की डब्बा शेपटीसारखा हलायला लागतो, आणि उतारावर जीपलाच घेऊन वळतो. त्यात तुमच्या डब्ब्याला ब्रेक आहे की नाही हे पत्रात नाही. बायको-पोरांना घेऊन ही परीक्षा देऊ नका. चिखलदऱ्याला एसटी जाते.

पर्यटकांचा बेत वाईट नाही, फक्त त्याची वेळ आलेली नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात रीतसर नोंदणी करता येते, आणि अभयारण्याच्या जवळ असाल तर वनविभागालाही विचारावं लागेल. पण खरी अडचण दुसरीच आहे. भल्या पहाटेच्या सफारीसाठी आलेला माणूस आधी स्वच्छ संडास विचारतो, मग गार खोली, मग जेवण. जुन्या ट्रेलरचं कौतुक तो फोटोपुरतं करतो. सफारीचा जोर उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्ब्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी एक मे महिना तुम्ही स्वतः त्यात दुपारी झोपून काढा. जमलं, तर पुढच्या वर्षी भाड्याचं बोलू.

राहिला बाबांचा डब्बा. जागेवरून न हलणारा, पावसात कोरडा राहणारा, रात्री जागलीला किंवा दुपारी घटकाभर पडायला कामाचा. माझं मत विचाराल तर एवढाच उभा करा. तो रस्त्यावर जाणार नाही म्हटल्यावर नोंदणी, ब्रेक, नवे टायर, बेअरिंग, जीपचा जोड असा मोठा खर्च एका झटक्यात गळून पडतो. उरतं ते काम तुमच्या आणि पोराच्या हातात बसण्यासारखं आहे.

आता कामाचं बोलू. मुलगा व्हिडिओ बघून शिकतोय हे चांगलं आहे, पण त्याला एक सांगा. ते बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिकडे हा छंद जुना आहे. वॉली बायमने ट्रेलर बनवणारी एअरस्ट्रीम कंपनी १९३१ मध्ये काढली, आणि त्या काळच्या ट्रेलरवर जीव टाकणारी माणसं तिकडे आजही आहेत. जुन्या मॉडेलच्या खिडकीचं रबरसुद्धा त्यांना पोस्टाने घरी येतं. आपल्याला ते गॅरेजमध्ये बसून कापून घ्यावं लागेल. दुसरं म्हणजे त्यांचा शत्रू बर्फ आणि आपला शत्रू मे महिना, काळी माती आणि उधई. त्यांचा उपाय जसाच्या तसा उचलला तर फसाल.

आपल्याकडे मात्र त्यांच्याकडे नाहीत अशी दोन माणसं आहेत. एक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा. चेसिस, आस, कमानपाटे, पुढचा त्रिकोणी दांडा हे त्याचं रोजचं काम. तुमचा डब्बा खालून म्हणजे एक हलकी ट्रॉलीच. त्याला वावरात बोलवा, तारेच्या ब्रशने गंज काढून वेल्डिंगच्या जागी चिरा आहेत का ते त्याला बघू द्या. अर्ध्या तासात तो सांगेल. दुसरा माणूस म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला बॉडी फिटर. नागपूरजवळ हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, आणि डेपोडेपोत पत्राकाम करणारे होते. लाल डब्यांवर अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याइतकं ज्ञान कुठल्या व्हिडिओत नाही. या उत्तराआधी मीही अशा एका काकांना गाठलं. तुमच्या पत्रातलं ‘सांधे टू-पार्ट पुट्टीने भरले’ हे वाक्य ऐकून ते नुसते हसले.

का हसले, ते सांगते. अॅल्युमिनियम तापलं की वाढतं, आणि बरंच वाढतं. एक मीटर पत्रा एका अंशाला ०.०२३ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण तुमचा पत्रा ४ मीटर लांब आहे. जानेवारीची रात्र १० अंशांची, आणि मे महिन्यात गर्द हिरव्या रंगाखाली तो दुपारी ६० अंशांपर्यंत सहज जातो. ५० अंशांचा फरक धरला तर पत्रा साडेचार मिलिमीटर लांब होतो. आतलं सागवान मात्र लांबीला जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे प्रत्येक सांधा रोज सकाळ-संध्याकाळ थोडा सरकतो. तिथे दगडासारखी घट्ट पुट्टी भरली की ती एका उन्हाळ्यात तडकते, आणि केसाएवढी ती तड मृगाची वाट पाहत बसते. सांध्यात सरकणारं, मऊ राहणारं काहीतरी लागतं. कोपऱ्याच्या पट्ट्यांखाली आणि खिडक्यांच्या चौकटींखाली बुटिल टेप (मऊ रबरी चिकटपट्टी), पत्र्यावर पत्रा चढतो तिथे पॉलियुरेथेनचा सीलंट. सिलिकॉन स्वस्त आणि सोपं म्हणून भरू नका. एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर रंग धरत नाही, दुसरा सीलंट चिकटत नाही, आणि ते खरवडून काढायला आठवडा जातो.

पाणी कुठून येतं ते शोधण्याची एक पद्धत आहे, आणि ती सध्याच्या उघडिपीत एका सकाळी होते. एक जण आत, हातात टॉर्च आणि खडू. दुसरा बाहेर, मोटरचा पाइप घेऊन. पाणी खालून वर मारत जायचं. आधी चाकाच्या पट्ट्यात दहा मिनिटं, मग खिडकीच्या खालची कड, मग खिडकीची वरची कड, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. आतल्याने ओल दिसली की तिथे खूण करून हाक मारायची. एक लक्षात ठेवा, ओल जिथे दिसते तिथे भोक क्वचितच असतं. छताच्या सांध्यातून शिरलेलं पाणी लाकडाला धरून चालत जातं आणि खालच्या कोपऱ्यात उतरतं. तुमचं प्लाय खालून फुगलं म्हणजे पाणी खालून आलं असं नव्हे.

मग दाभण घ्या. पोती शिवायचं दाभण घरात असेलच. आतलं फुगलेलं प्लाय काढा आणि सांगाड्याच्या प्रत्येक लाकडात, विशेषतः खालच्या आडव्या पट्ट्यांत आणि चारी कोपऱ्यांत, दाभण टोचून बघा. अडलं तर लाकूड जिवंत आहे. शिळ्या भाकरीत जावं तसं गेलं तर ते लाकूड बदलायचं, बाहेरून कितीही चांगलं दिसो. जिथे बदलायचं तिथे खडूने फुली मारा आणि मोजा. ही फुल्यांची संख्या फार महत्त्वाची आहे, तिच्यावर पुढे परत येते.

लाकूड बदलताना सगळा पत्रा एकदम उतरवू नका. असल्या डब्ब्यात सांगाडा पत्र्याला धरतो तेवढाच पत्राही सांगाड्याला धरतो. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की चौकोन कलतो, आणि मग दार कधीच नीट लागत नाही. एक भिंत उघडा, ती पुरी करा, मग दुसरी. उघडण्याआधी मुलाला मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढू द्या. कुजलेली पट्टी फेकू नका, पुठ्ठ्यावर ठेवून तिचा आकार आखून घ्या. नवीन सागवान विकत घेण्यापेक्षा गावात कोणाचं जुनं माळवदाचं घर पाडायला निघालंय का ते बघा. ५०-६० वर्षं वाळलेल्या त्या सागवानाला आता ना वाक येणार ना पीळ. फक्त रंधा मारायच्या आधी जुने खिळे सगळे काढा.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. अॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लावू नका, पावसाळ्यात ओल आली की लोखंडाजवळचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. चेसिसवर पत्रा टेकतो तिथे मध्ये रबराची पट्टी द्या. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, त्याच्या पोटातूनही पाणी येतं. बंद तोंडाचे रिव्हेट मागा. रेड ऑक्साइड लोखंडासाठी, अॅल्युमिनियमवर एच (etch) प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर. प्लाय घ्याल तर त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का बघा. आणि सनमायका नकोच. मागून ओल आली की ती ओल कोंडून ठेवते, तुम्ही ते पाहिलंच आहे.

जुना रंग घासायचं काम मात्र घाईत करू नका. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याची सक्ती आपल्याकडे २०१७ मध्ये आली, तुमच्या डब्ब्यावरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडं घासलं की ती धूळ पोराच्या छातीत जाणार. पाणी मारत घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि खाली ताडपत्री अंथरून तो चुरा गोळा करा. निंबाखाली कोंबड्या फिरतात म्हणून सांगते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. फक्त जॅकवर उचललेल्या डब्ब्याखाली कोणी शिरायचं नाही. तुमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन्ही वेळा जॅकचा पाय गिळते. ट्रॉलीवाल्याला सांगून मुरूम ठोकून घ्या, चारी कोपऱ्यांखाली फरशी द्या, त्यावर लोखंडी घोडे, आणि चेसिस त्या घोड्यांवर कायमची टेकवा. चाकांना ओंडे लावा. हे झालं की दार पुन्हा सरळ लागेल, निम्मी करकर थांबेल.

विजेचं काम गावातल्या हौशी पोराकडून करून घेऊ नका. लोखंडी चेसिस, पत्र्याची बॉडी, पावसाळा आणि शेतातली लाइन. एखादी वायर आतून पत्र्याला लागली तर सगळा डब्बाच जिवंत होतो, आणि दाराचा कडीकोयंडा धरणारा माणूस ओल्या मातीत उभा असतो. बॉडीला वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) याच्याशिवाय २३० व्होल्ट आत घेऊ नका. खरं तर घ्यायचीच गरज काय? एक छोटं सोलर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी, दोन एलईडी आणि एक पंखा एवढ्यात भागतं. गॅस तर नकोच. तो हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली फरशीशी साचून राहतो. चहा बाहेर चुलीवर.

उन्हाचं बोलायचं राहिलं. छताचा हिरवा रंग काढून पांढरा द्या. भिंतींच्या पोकळीत थर्माकोल घालतात, तो पेटतो आणि उंदरांना आवडतो. घालायचाच असेल तर सगळ्या फटी बुजवून. पण माझ्या मते त्याहून मोठा उपाय तुमच्या बांधावर फुकट पडून आहे. डब्ब्याच्या वर हातभर अंतर सोडून बल्ल्यांवर तुराट्यांचा मांडव घाला. छताला ऊनच लागलं नाही तर ते तापेल कशाने? मधून वारा वाहिला पाहिजे, म्हणून तुराट्या छतावर टेकवायच्या नाहीत. निंबाची सावली आहेच, पण निंबाचा पाला सांध्यात साचून ओल धरतो. महिन्यातून एकदा छत झाडायचं, काठी आधी आपटून. सापाची कात तिथे मला दोनदा सापडली आहे, म्हणजे आमच्या दमणीच्या छपरावर.

आता त्या फुल्या मोजा. खालच्या पट्ट्यांपैकी अर्ध्याहून जास्त लाकडावर फुली पडली आणि ट्रॉलीवाल्यानेही चेसिस गेली म्हणून सांगितलं, तर भाऊ, तुमच्या नागपूरच्या भावाचं खरं आहे. विका. विकणं म्हणजे बापाशी बेइमानी नाही. दार आणि एक खिडकी काढून ठेवा, घराच्या पडवीला लावा, बाकी जाऊ द्या. पण फुल्या त्याहून कमी असतील तर भंगारवाल्याला सांगा, पुढचा पावसाळा गेल्यावर ये. त्याचे ३० हजार कुठे जात नाहीत. पत्र्याच्या भावाने तो येतो, तुमच्या रंगाच्या भावाने नाही.

ज्यांच्या गोठ्यात सासऱ्याची जीप किंवा आजोबांचा ट्रॅक्टर उभा आहे अशा वाचकांनीही हेच करावं. दाभण आधी, रंग नंतर, आणि दाभण काय सांगतं ते ऐकायची तयारी.

वेळेचं आणि पैशाचं एकत्र सांगते. बोंडं फुटायला लागली आहेत, आता वेचणी सुरू होईल. त्यात डब्ब्याचं काम काढू नका. फेब्रुवारी-मार्च तुमचा, त्यातही सकाळी अकरापर्यंत. पीककर्जाचा पैसा याला लावायचा नाही, हे तुम्हाला कळतं, तरी मागच्या वर्षी लागला असा मला पत्रावरून वास येतो. एक वही करा. पहिल्या पानावर फक्त पाणी थांबवण्याचा खर्च: सीलंट, टेप, रिव्हेट, बदलायचं लाकूड. तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवा. तेवढं झालं की थांबा. एक पावसाळा जाऊ द्या. डब्बा कोरडा राहिला तरच दुसरं पान.

घरात वाचून दाखवा म्हटलं, कारण तिथेच मला तुमचं म्हणणं पटलं नाही. ‘घरच्या कोणाले बाबांच्या वस्तूची किंमत नाही’ असं तुम्ही लिहिता. वहिनींचं एक वाक्य तुम्ही पुरावा म्हणून दिलंय. पण ते वाक्य त्या कधी बोलल्या? ६८ हजार गेल्यावर, प्लाय फुगल्यावर. ते डब्ब्याबद्दल होतं की पैशाबद्दल, की त्या पैशाबद्दल त्यांना कोणी विचारलंच नाही याबद्दल? भाऊ, रंग कोणता द्यायचा हे तुम्ही पोराला विचारलं, असं पत्रात आहे. वहिनींना काय विचारलं, ते कुठेच नाही.

आणि ती ओळ, जिच्याकडे येते म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंय, “बाबा शेवटी शेवटी तिथेच राहायचे, घरची मंडळी जेवण, चहा तिथेच नेऊन दे.” ही घरची मंडळी म्हणजे वहिनीच ना? म्हणजे कितीतरी पावसाळे रोज दोनदा चिखल तुडवत त्या डब्ब्यात कोण गेलं? म्हाताऱ्याची बाज ओल येऊ नये म्हणून कोणी सरकवली? तुम्ही वावरात होतात, भाऊ नागपूरला, पोरगा शाळेत. त्या डब्ब्याचं आतून तुमच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असेल, तर ते वहिनींना.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी पाइप जोडायच्या आधी, मुलाला खडू घेऊन आत पाठवायच्याही आधी, चहाच्या वेळी त्यांना एवढंच विचारा, की पाऊस लागला की बाबांच्या बाजेजवळ गळतीखाली पातेली कुठे ठेवायच्या. त्या बोट दाखवतील तिथल्या छतापासून सुरुवात करा.